पाणवठ्यावरचा नारळ

“ही तलवार काहून मांडून ठेवली इथं?”

गुणवंतचा प्रश्न पडद्यावर उमटला आणि मी खुर्चीत सावरून बसलो. दुकान उघडून अजून धड एक दिवसही झाला नव्हता.

“विकायला,” मी टाइप केलं. “दुकानात वस्तू विकायला ठेवतात, असं ऐकून आहे.”

“ते समजते मले. पण ही तलवार हातात असली का एका घावात समोरचा आडवा होते. अन् भेटते कशानं, तर पैशानं. मंग आम्ही दोन वर्षं दगड फोडून राहिलो ते कायले?”

“तुला दगड फोडायला आवडतात म्हणून.”

“मस्करी नको करू सारंग. आधी कुंदाताईची वांगी पाहून ये.”

मी पडद्यावरच्या माझ्या माणसाला पळवत टेकडीपलीकडे नेलं. कुंदाताईंच्या वाफ्यात एकही वांगं उभं नव्हतं. कुंपण मोडलेलं, पाट बुजलेला, आणि मधोमध तेजस नावाचा नवा खेळाडू माझ्याच दुकानातली तलवार परजत नाचत होता. पुण्यात कॉलेजात शिकणारा हा मुलगा आमच्यात येऊन आठवडा झाला असेल नसेल. कुंदाताई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी एकच ओळ लिहिली होती, “झिला, झाला मां समाधान?”

ही वांगी, ती तलवार, तो पाट, सगळं संगणकातलं. त्या खेळात ठोकळ्यांचं एक जग असायचं. त्यात खणायचं, बांधायचं, पेरायचं आणि जमलं तर एकमेकांशी लढायचं. असं जग कुठल्या तरी भाड्याच्या संगणकावर चालवावं लागतं, त्याला सर्व्हर म्हणतात. आमच्या सर्व्हरचं नाव ‘पाणवठा’. तो सुरू केला पाचोऱ्याच्या हेमराज पाटलांनी, म्हणजे आमच्या हेमूदादांनी. ते एका लॅबमध्ये रक्त तपासायचे आणि घरी आल्यावर आमचं जग सांभाळायचे. गुणवंत राऊतचं वर्ध्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. कुंदाताई कुडाळच्या, पन्नाशी उलटलेल्या. मुलगा नोकरीला परदेशी गेला, जाताना आईला हा खेळ शिकवून गेला, आणि आता आई त्याच्यापेक्षा जास्त खेळत होती. शिवाय आणखी पंधरा-वीस जण असतील. आम्ही कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

मी गडहिंग्लजचा. पाणवठ्यावर माझं टोपणनाव होतं वटवट्या, कारण चॅटमध्ये माझ्याइतकं कुणीच बोलायचं नाही. येणाऱ्याला टोमणा, जाणाऱ्याला टपली, भांडणात तोंड घालणं, सगळ्यांत मी पुढे. आमच्या घरी हे सांगितलं असतं तर आईला वाटलं असतं की दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. कारण मी तोतरा आहे. होतो असं म्हणत नाही, आजही आहे. त्या वेळी मी तेवीस वर्षांचा होतो आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायचीसुद्धा भीती वाटायची. लोकांच्या वेबसाइट दुरुस्त करून द्यायचं काम घरातूनच करायचो, कारण त्यात फोन घ्यावा लागत नाही.

घरात कुणी मला कधी चिडवलं नाही, हे आधी सांगून टाकतो. उलट सगळे मदत करायचे. तिथंच तर घोडं पेंड खायचं. मी बाबांना म्हणायचो, “बाबा, मला आज ज... ज...”

“जेवायचं न्हाई व्हय? पोटात दुखतंय?” बाबा लगेच म्हणायचे.

मला म्हणायचं असायचं की आज जरा बाहेर जाऊन येतो. पण बाबांनी तोवर आईला हाक मारून ओव्याचं पाणी करायला सांगितलेलं असायचं, आणि ते प्यायला लागायचं. माझी निम्मी वाक्यं अशी दुसऱ्यांनी संपवलेली आहेत. शाळेत मास्तर संपवायचे, दुकानात दुकानदार. प्रेमानं करायचे सगळे, आणि मी मान डोलवून होय म्हणायचो. पाणवठ्यावर मात्र माझं वाक्य मीच संपवायचो. तिथं मी काय लिहिणार आहे हे कुणाला आधी कळायचंच नाही. ती जागा गेली असती तर मी पुन्हा मुका झालो असतो, यात मला कसलीच शंका नव्हती.

आणि ती जागा जायला आली होती.

हेमूदादांनी एका रविवारी सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, “भो, खोटं कशाला बोलू. लॅबवाल्यानं पगार लटकवून ठेवलाय. आतापर्यंत भाडं मी भरत आलो, कधी तोंडातून काढलं नाही. पण आता घरात पोराची फी अन् इथं सर्व्हरचं भाडं, दोन्ही व्हायचं नाही. महिनाअखेरपर्यंत भाडं गेलं नाही तर ते लोक आपलं जग पुसून टाकतील.”

वर्गणी काढू म्हटलं तर दादा ऐकेनात. भीक नको, म्हणाले. तेव्हा मीच पुढे होऊन टाइप केलं होतं की आपण दुकान काढू. खेळातल्या वस्तू खऱ्या पैशानं विकायच्या. मोठ्या सर्व्हरवर असतंच, मी मांडून देतो.

मांडायला बसलो तेव्हा कळलं की ते वाटतं तेवढं सोपं नाही. दुकानाची भिंत आणि फळ्या बांधणं हा झाला खेळ. पण प्रत्येक वस्तूचं चित्र, तिची किंमत, पैसे आले की ती नेमकी कुणाच्या झोळीत जाऊन पडणार, हे सगळं ओळीओळीनं लिहून बसवावं लागायचं. मी मोठ्या सर्व्हरवर पाहिलं होतं तेच मांडलं, तलवारी, चिलखत, उडायचे पंख. जोरात खपणारा माल तोच होता. तो खपलाही, आणि पहिल्याच दिवशी कुंदाताईंची वांगी आडवी झाली.

त्या संध्याकाळी पाणवठ्यावर मोठी सभा भरली. गुणवंत भडकला होता. एक-दोघांनी तर ‘असं असेल तर आम्ही चाललो’ असं लिहून टाकलं. मी एरवी प्रत्येकाला उत्तर देणारा माणूस, त्या दिवशी बोटं कीबोर्डवर ठेवून नुसता बसलो होतो. दुकान बंद करावं तर भाडं जाणार नव्हतं, आणि चालू ठेवावं तर माणसं जाणार होती.

कुंदाताईंनीच शेवटी लिहिलं. “मेल्यांनो, भांडतास कित्याक? वांगी मी परत लावतलंय. सारंग, तुझो इरादो चांगलो होतो. पण ह्या दुकान असा चलाचा नाय. मी सांगतंय ता ऐक. आमच्या देवळात जत्रेक पावणी होता. पावणी म्हणजे लिलाव रे. देवाच्या फुड्यातलो नारळ. बाजारात वीस रुपयाक गावता, आणि पावणीत दोन हजाराक जाता. घेणाऱ्याक काय गावता?”

“काय?” मी लिहिलं.

“नारळच गावता. पण सगळ्या गावासमोर गावता.”

मी ती ओळ पुन्हा वाचली. आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढच्या नारळाचाही असाच लिलाव व्हायचा की. विसर्जनाच्या आधी कुणीतरी ओरडायचं, एक वार, दोन वार, आणि एरवी भाजीवाल्याशी रुपयासाठी हुज्जत घालणारे लोक तिथं तावातावानं बोली चढवायचे. मला ते मोठ्या सर्व्हरवरच्या दुकानांपेक्षा जास्त माहीत होतं. पण सर्व्हर म्हटलं की डोक्यात तलवारच आली होती.

मग मी दुकान पाडलं आणि नव्यानं मांडलं. तलवारींचे पैसे ज्याचे त्याला परत केले. तेजसनं कुरकुर केली, पण घेतले. नवा नियम असा ठरला की ज्यानं कुणाचं बळ वाढेल ती वस्तू दुकानात ठेवायची नाही. डोक्याला फेटा, दारावर तोरण, घरावर नावाची पाटी, चालताना पायांखाली उमटणारी रांगोळी, एवढाच माल. फेट्याच्या वेळी माझ्या हातून काहीतरी उलटसुलट लिहिलं गेलं आणि गुणवंतनं घेतलेला फेटा त्याच्याऐवजी त्याच्या गाईच्या डोक्यावर जाऊन बसला. गाय दिवसभर फेटा घालून गावातून हिंडली. मी दुरुस्ती करायला घेतली तर लोक म्हणाले, राहू दे, आम्हालाही गाईचाच पाहिजे. तो फेटा सगळ्यांत जास्त खपला.

पण फेट्यांवर भाडं निघणार नव्हतं. सगळी भिस्त नारळावर होती. मी तो अगदी मन लावून काढला. पहिल्यांदा त्याला तीन डोळे दिले तर तो माकडाच्या तोंडासारखा दिसायला लागला. गुणवंत म्हणाला, शेंडी लाव. लावली, तेव्हा कुठं नारळ झाला. ठरलं असं की भाड्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी दुकानाचं रीतसर उद्घाटन करायचं, सगळ्यांनी माईकवर यायचं, आणि नारळाची बोली हेमूदादांनी पुकारायची. गावात मोठा माणूसच पुकारतो.

माईकवर आम्ही सणावाराला जमायचोच. सगळे बोलायचे आणि मी ऐकत टाइप करत राहायचो. माझा माईक खराब आहे, असं मी पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं. गुणवंतला बिचाऱ्याला ते खरं वाटलं, आणि मागच्या दिवाळीत त्यानं स्वतः दुरुस्त केलेला माईकवाला हेडफोन मला कुरिअरनं पाठवला. ‘यातून ऐकायला फार छान येतं,’ असं मी त्याला कळवलं. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

तो दिवस उजाडला. संध्याकाळी एकेक करून सगळे दुकानापुढच्या चौकात आले. कुणी फेटे घातले होते, गाई सजल्या होत्या, कुंदाताईंनी दुकानाच्या दारात रांगोळी उमटवली होती. हेडफोनमधून गलका ऐकू येत होता. नारळ फळीवर मधोमध. आणि हेमूदादांचा पत्ता नव्हता.

जरा वेळानं माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला. “इकडे लाईट गेली भो. सगळा भाग अंधारात. फोनला रेंज पण धड नाही. तू सुरू कर.”

तू सुरू कर. लिहायला काय जातं! मी चॅटमध्ये लिहिलं, “मंडळी, दादांची लाईट गेलीय. मी इथं टाइप करून बोली पुकारतो. सुरू करू.”

सुरू केलं आणि सगळा विचका झाला. मी ‘एक वार’ लिहीपर्यंत माईकवर दोघांनी बोली लावलेली असायची. ‘दोन वार’ लिहिलं तर कुणाच्या बोलीचं ते कुणाला कळेना. आपला आकडा आधी की दुसऱ्याचा, यावरून वाद व्हायला लागले. कुणीतरी म्हणालं, “दादा आल्यावर करू ना मग. उद्या करू.”

“उद्या जग नसेल,” मी टाइप केलं. ते वाचायलाही कुणी चॅटकडे बघत नव्हतं. चौकातून एक फेटेवाला गेला. मागोमाग दुसरा वळला.

मी गुणवंतच्या हेडफोनवरचं बटण दाबलं. त्याच्यावर एक बारीक हिरवा दिवा होता, तो लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“न... न...” मी म्हणालो. “न... न... नमस्कार.”

गलका एकदम थांबला.

“कोण रे हा?” कुणीतरी विचारलं.

“मी सा... सा...” सारंग म्हणायला मला आयुष्यात कधी सोपं गेलेलं नाही. आईबापांनी नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता. “वटवट्या,” मी म्हणून टाकलं. ते मात्र कसं कोण जाणे सरळ आलं.

मला वाटलं हसतील. वटवट्या या नावावर तरी हसायला हरकत नव्हती. पण गुणवंत एवढंच म्हणाला, “आवाज साफ येऊन राहिला बॉ. माईक चांगला बसला म्हणायचा.”

“चला तर,” कुंदाताई म्हणाल्या. “माझे एकावन्न.”

“शंभर,” गुणवंत म्हणाला.

“दीडशे,” तेजस म्हणाला. वांगी तुडवल्यापासून तो जरा गप्पच असायचा, त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

मी पुकारायला लागलो. “दीडशे एक वार.” ते आलं. पुकारण्याला एक चाल असते, तिच्यावर शब्द जरा रेटून नेता येतात. “दीडशे दोन वार. दीडशे ती... ती...”

आणि अडकलो. ज्याला हे होत नाही त्याला सांगून कळायचं नाही. शब्द समोर दिसत असतो. त्याच्यानंतरचाही दिसत असतो. फक्त दार उघडत नाही. माझ्या कानात माझीच ‘ती ती’ घुमत होती आणि चौकात सगळे फेटे माझ्याकडे तोंड करून उभे होते. तेवढ्यात माईकवरून कुणीतरी म्हणालं, “ती—” आणि त्याच्यावर गुणवंत केवढ्यांदा तरी ओरडला, “दोनशे!”

नवी बोली आली की मोजणी पहिल्यापासून. मी घाम पुसला. “दोनशे एक वार. दोनशे दोन वार. दोनशे ती... ती... ती...”

“अडीचशे!” कुंदाताई.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडकलो. “तीनशे!” तेजस ओरडला. पुन्हा. “साडेतीनशे!” असं चाललं. मला आता त्या लोकांचा राग यायला लागला होता. एक शब्द माझ्या तोंडून निघता निघता कुणीतरी आकडा वाढवायचं आणि मला डोंगर पुन्हा पायथ्यापासून चढायला लागायचा. एवढी हाव कसली या नारळाची, असं मनात आलं. एकदा तर मला वाटलं, आता नुसता हात हलवावा, माईक बंद करावा आणि खुर्चीतून उठावं.

तेवढ्यात एक खरखरता आवाज आला. “ऐकू येतंय का? गच्चीवर आलोय, इथं रेंज आहे.” हेमूदादा होते.

“दा... दादा,” मी म्हणालो, “तु... तुम्ही घ्या आता.”

मागे कुठंतरी कुत्री भुंकत होती. दादा म्हणाले, “चाललंय ते ब्येस चाललंय भो. मी पुकारायला आलो नाही. बोली लावायला आलोय. कितीवर आहे?”

“सहाशे,” गुणवंतनं सांगितलं.

“माझे सातशे.”

“दादा, सर्व्हर तुमचाच आहे,” तेजस म्हणाला. “तुम्ही तुम्हालाच पैसे देणार?”

“हो. मग?”

सगळे हसले, आणि मीही हसलो. माईकवर हसलो, मोठ्यानं. माझं हसणं तोतरं नाही. हसल्यावर जरा सैल झालो असेन. पुकारायला लागलो तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की इथं कुणाला घाई नाही. बाबांना घाई असायची, मास्तरांना असायची, बसमध्ये तिकीट देणाऱ्याला असायची. इथं दुकान माझं, नारळ माझा आणि शेवटचा शब्दही माझाच. मी पुकारत गेलो, अडकत गेलो, बोली चढत गेली. एका महिन्याचं भाडं कधीच निघालं होतं. मग दोन महिन्यांचं निघालं. कुंदाताईंनी एक मोठा आकडा लावला तेव्हा मी सावकाश एक म्हणालो, दोन म्हणालो, ‘ती’वर थांबलो, श्वास सोडला, आणि ‘तीन वार’ असं अख्खं बाहेर पडलं. मलाच ते जरा उशिरा कळलं.

नारळ कुंदाताईंकडे गेला. चौकात फटाके उडाले, गाई घाबरून पळाल्या. माझ्या मागं खोलीच्या दारात आई उभी होती. मी कुणावर ओरडतोय हे बघायला आली होती. “कोण आहेत रे ते?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “ओळखीचे आहेत,” आणि तिला चहा मागितला.

पाणवठा पुढं बरीच वर्षं चालला. दर काही महिन्यांनी नारळाची पावणी व्हायची आणि ती मीच पुकारायचो. माझं तोतरेपण गेलं वगैरे काही नाही, पण माईक मी पुन्हा कधी बंद ठेवला नाही. तिथं तोंड उघडायची सवय झाली आणि मग फोन घ्यायचीही झाली. आज मी अशीच दुकानं दुसऱ्यांच्या सर्व्हरवर मांडून देतो, त्यावर माझं घर चालतं, आणि दिवसातून चार वेळा तरी अनोळखी माणसांना ‘मी सा... सा...’ करून नाव सांगतो. ज्यांना थांबायचं नसतं ते फोन ठेवतात. ठेवू देत.

गुणवंतच्या लग्नाला आम्ही सगळे वर्ध्याला जमलो, तेव्हा एकमेकांना पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं. हेमूदादा आवाजावरून वाटले होते त्याच्या निम्मे निघाले, कुंदाताई दुप्पट. तेजसला आता मिशा होत्या आणि नोकरी होती. पंगतीत आम्ही ओळीनं बसलो. पुऱ्या आल्या, वांग्याची भाजी आली. वांगी बघून कुंदाताईंनी तेजसकडे नुसती नजर टाकली, आणि त्यानं हात जोडले.

बोलता बोलता मी हेमूदादांच्या बायकोला त्या पहिल्या लिलावाची गोष्ट सांगत होतो. “व... वहिनी, एका नारळासाठी हे लोक अक्षरशः वेडे झाले होते. मला पु... पुकारूच देईनात.”

कुंदाताईंनी पुरीचा तुकडा खाली ठेवला. “नारळासाठी?”

“मग क... कशासाठी?”

त्या तेजसकडे वळून म्हणाल्या, “सांग रे तूच.”

तेजस मान खाली घालून भाजी चिवडत होता. “सारंगदादा,” तो म्हणाला, “पहिल्यांदा तू अडकलास ना, तेव्हा मी तुझ्याऐवजी ‘तीन’ म्हणायला निघालो होतो. मला वाटलं मदत होईल. ‘ती’ असं तोंडातून निघालं पण होतं. तेवढ्यात गुणवंतदादा ओरडला, दोनशे.”

मला ते आठवलं. “हो. म्हणजे त्याला नारळ ह... हवा होता.”

“त्याला नारळ कशाला हवा असेल? त्या महिन्यात त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी नंतर त्याला फोन करून विचारलं की माझी बोली शेवटची होती, मलाच मिळणार होता, तू मध्ये का आलास. तर म्हणाला, तो शब्द सारंगचा आहे, आपण नाही उचलायचा. थांबून राहायचं. अन् नुसतं थांबलं तर त्याला जड जाईल, म्हणून बोली लावायची.”

“माका तर कोणी सांगलाच नाय,” कुंदाताई म्हणाल्या. “पण गुणवंत ओरडलो तसा माका समाजला. मग मी पण लावली.”

मी हेमूदादांकडे पाहिलं. ते ताकाची वाटी तोंडाला लावून बसले होते. “मी गच्चीवरून पाच मिनिटं ऐकत होतो,” ते म्हणाले. “बोललो नंतर.”

मी हातातला घास तसाच धरून बसलो. तीन. काय अवघड शब्द होता तो? चौकातल्या प्रत्येकाला माहीत होतं की मी काय म्हणणार आहे. दोनानंतर तीनच येतात, लहान पोरालाही कळतं. आयुष्यभर लोकांनी माझी अवघड वाक्यं, चुकीची का होईना, माझ्या आधी संपवली होती. आणि इथं सगळ्यांना येत असलेला एवढासा शब्द, कुणीही फुकटात म्हणून मोकळं होऊ शकलं असतं, तो त्यांनी म्हटला नाही. न म्हणण्यासाठी पैसे पणाला लावले, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे पैसे नव्हते.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. गुणवंत मुंडावळ्या सावरत, नवरीला घेऊन पंगतीत आग्रह करायला येत होता. माझ्याकडं बघून जागीच थांबला. “काय झालं बॉ? भाजी तिखट झाली का?”

मी उठून उभा राहिलो. वाढपी बुंदीचं भांडं घेऊन समोर खोळंबला होता. हात खरकटा, पायाशी पत्रावळ, आणि सगळी ओळ माझ्याकडं बघत होती. मला खूप काही सांगायचं होतं, पण एवढंच जमणार होतं.

“तुमचे,” मी म्हणालो, “तुमच्या सगळ्यांचे माझ्यावर उ... उ... उ...”

नवरी गोंधळून नवऱ्याकडं बघायला लागली. वहिनींचे ओठ हलले, शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, आणि दादांनी हळूच त्यांच्या कोपराला धरलं.

“शंभर,” कुंदाताई म्हणाल्या.

“दीडशे!” तेजस ओरडला.

“दोनशे!” गुणवंतनं मुंडावळ्यांतून आवाज दिला.

वाढप्यानं बुंदीचं भांडं खाली ठेवलं. मी ‘उपकार’ म्हणालो तेव्हा बोली सातशेवर गेली होती.